यंत्र एकच होतं

“मलेरियाने किडन्या बंद पडल्यात. रक्त यंत्रावर धुवावं लागेल. त्यालाच डायलिसिस म्हणतात,” लष्करी डॉक्टर, मेजर मॅडम, म्हणाल्या.

माझा नवरा फौजेत. ईशान्येच्या सीमेवर ताप चढला आणि तिथल्याच लष्करी दवाखान्यात भरती केलं. चोपड्याहून मी आणि माझे सासरे, आबा, रेल्वे बदलत पोचलो, तेव्हा त्याचं तोंड सुजलं होतं. लघवी जवळजवळ बंद.

त्याच आठवड्यात म्यानमारमधून निर्वासित आले होते. व्हरांडाभर तीच माणसं. शेजारच्या खाटेवर त्यांच्यातलाच एक, जंगलातून चालत आलेला. त्यालाही हाच मलेरिया, किडन्याही तशाच. उशाशी बायको, माझ्याच वयाची.

यंत्र एकच. आणि पहिला नंबर त्याचा! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दवाखाना फौजेचा, माणूस फौजेचा, मग हा कुठला न्याय?

मॅडम शांत होत्या. “ज्याचं पोटॅशियम जास्त, तो आधी.” पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. किडनी तो बाहेर टाकते. साचला तर हृदय बंद पडतं. आमच्या माणसाला उद्यापर्यंत धोका नव्हता.

मी औषधं आणायला खाली गेले. आबांनी घरून गोणपाटात कच्च्या केळीच्या फण्या आणल्या होत्या, वाटेत पिकल्या. आमच्याकडे कोणाकडेही जाताना केळी नेतात, आजाऱ्याकडे तर हमखास. आबांनी गोणपाट सोडलं. “खाई ले भाऊ, घरना शेतस,” खा, घरचीच आहेत, म्हणाले. पोराने बापाचं मन मोडलं नाही. चार केळी खाल्ली.

दुपारच्या तपासणीत त्याच्या हृदयाचा आलेख बिघडलेला. काय खाल्लं, मॅडमनी विचारलं. आबांनी कौतुकाने सांगितलं. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, हे आम्हा केळी पिकवणाऱ्यांना तिथे कळलं.

शेजारच्या माणसाला यंत्राला जोडायची तयारी झाली होती. ती थांबवली. त्यांची भाषा येणाऱ्या नर्सने त्याच्या बायकोला एवढंच सांगितलं की, या फौजीचा जीव आत्ता जाईल. तिने आमच्याकडे पाहिलं आणि नवऱ्याची खाट स्वतः बाजूला ढकलली. तिच्या जागी मी असते, तर दवाखाना डोक्यावर घेतला असता.

आमचा वाचला. तिच्या नवऱ्याचा नंबर संध्याकाळी लागला, तोवर त्याची शुद्ध हरपली होती. दोन दिवस डोळे उघडले नाहीत. ते दोन दिवस आबा जेवले नाहीत.

तुमच्या घरात किडनीचं दुखणं आलं, तर पेशंटला काय द्यायचं याआधी काय द्यायचं नाही ते विचारा. माया करायला नंतर वेळ मिळतो.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा पाणी मागायला लागला. आबांनी नर्सला बोलावलं आणि केळ्यांचं सगळं त्याच्या बायकोला सांगायला लावलं. मला भीती वाटली. ती ऐकत राहिली. मग नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून बघितला, आणि आबा कधीचे उभे आहेत म्हणून स्वतःचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.