वांग्यात बी होतं

भरताचा वास आला की माणसांना भूक लागते, मला आधी सुटल्यासारखं वाटतं. याला कारण चौथीतली एक मुलगी आणि तिने फळ्यावर लिहिलेल्या पाच ओळी.

नव्वद साल जवळ आलं होतं. मी सोनगीरकडची, नेमणूक मिळाली जळगावजवळ, असोद्याच्या अलीकडच्या एका गावात. माझ्या तोंडून चुकून ‘आहे’ऐवजी अहिराणी ‘शे’ निघालं की वर्ग खुदखुदायचा. मीही हसून घ्यायचे, पण वह्या तपासायला बसले की हसू पळायचं. सगळ्या वह्यांत एकच गाय. तिला चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. ज्याच्या दारात बकरीसुद्धा नव्हती त्याचीही गाय रोज दोन वेळा दूध द्यायची. एके दिवशी माझं डोकं फिरलं. वर्गातला जुना फळा उचलून मी ओसरीत टांगला आणि सांगितलं, रोज एकाने इथे काल घरी घडलेलं लिहायचं. गाय नको. खरं लिहायचं, आणि दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल असं एक तरी वाक्य पाहिजे. चुका मी खोडणार नाही.

पोरं उड्या मारत लिहू लागली. एकाच्या आजोबांचा दात भाकरीत निघाला, एकीच्या मावशीची बस भुसावळला चुकली. फक्त ही मुलगी खडू हातात घेऊन नुसती उभी राहायची. तिला उतरवून काढण्यापलीकडे काही येत नाही, असं आधीच्या गुरुजींनी मला सांगितलं होतं. मी रोज म्हणायचे, बरं, उद्या लिही.

आणि एका सकाळी तिने लिहिलं. ‘काल आमच्या घरी भरीत झालं. वांगी अण्णांनी येता येता आबांच्या वावरातून आणली. कळण्याच्या भाकरी होत्या. मी दोन खाल्ल्या. वांग्यात लय बी होतं.’

अण्णा म्हणजे तिचे वडील. आबा म्हणजे ज्यांच्या बागेत ते केळी कापायला जायचे, ते शेतकरी. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं? आनंदाच्या भरात खाली ‘शाब्बास’ लिहिलं. येता-जाता दुसऱ्याच्या वावरातली चार वांगी सगळं गाव तोडायचं, पण फळ्यावर कोणी लिहिलं नव्हतं. त्यात आमची ओसरी रस्त्यालगत, समोर जळगावच्या बसची वाट बघणारी माणसं. दुपारपर्यंत त्या पाच ओळी गावाला पाठ झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी गेले. अण्णा लाजेने कामावर जात नव्हते, भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिची आई दारातच म्हणाली, “बाई, आता शायेचं नाव नका काढू. तुम्ही पोरीले लिहनं शिकवलं, अन् आमच्या घरात चोर निघाला.” मुलगी आतून बघत होती. मी तशीच मागे फिरले. तिथून परत येताना मला स्वतःचा राग आला. हौस माझी होती, आणि काम जाणार होतं तिच्या बापाचं. फळा पुसायला मी दोनदा डस्टर उचललं. दोन्ही वेळा खाली ठेवलं, कारण तिने आयुष्यात स्वतःचं म्हणून लिहिलेलं तेवढंच होतं.

चौथ्या दिवशी आबा आले. सरळ ओसरीतल्या फळ्यापुढे उभे राहिले. ओळींवरून बोट फिरवत त्यांनी हळूहळू सगळं वाचलं.

मी म्हणाले, “आबा, लिहायला मी लावलं. दोष माझा आहे.”

“चार वांगे नेले त्यानं, ते जाऊ द्या,” आबा म्हणाले. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं होतं. “पन माह्या वांग्यात बी? इतके वर्षं वांगे लावतो, मले कोनी असं म्हटलं नाही. बोलवा त्या पोरीले!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीभर वांगी शाळेत आणली आणि अण्णांना निरोप धाडून मुलीसकट बोलावून घेतलं. मैदानात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. अण्णा मान वर न करता लाकडी काथवटीत भरीत ठेचत होते. सगळी शाळा जेवली. मग आबांनी मुलीच्या हातात खडू दिला. “आता लिह.”

मी देवाला विनवत होते की या पोरीला आज थोडं खोटं सुचू दे. इतके दिवस खरं लिहा म्हणून ओरडणारी मीच.

तिने लिहिलं. ‘आजच्या वांग्यात बी नव्हतं. त्या दिवशीच्या वांग्यात होतं.’

काथवट घासणाऱ्या अण्णांचे हात थांबले. आबांनी बोट फिरवून एकदा वाचलं, मग पुन्हा एकदा. मग अण्णांकडे वळून विचारलं, “कुठून तोडले होते रे?”

“नाल्याकडच्या बांधावरून,” अण्णा पुटपुटले.

“मंग बरोबर हाये पोरीचं. तिकडचे तोडायचे राहून गेले, जून झाले.” आबा हसायला लागले. “अंधारात तोडशील तर बीच खाशील. पुढच्या वेळी इचारून ने, चांगले मी दाखवतो. अन् उद्या कामावर ये.”

माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले. मी भांडी उचलण्याच्या निमित्ताने मागे वळले, कारण माझीही तीच गत होती.

संध्याकाळी शाळेला कुलूप लावत होते, तेव्हा ती माझ्याजवळ आली. बोटांना अजून खडू लागलेला होता.

“बाई, माझा नंबर परत कधी?”