चहाच्या टपरीवरची सही

आमच्या जिल्ह्यात कॉम्प्युटरला कॉम्प्युटर पहिल्यांदा कुणी जोडला, असं विचारलं तर नंदुरबारमध्ये अजून आमच्या कॉलेजच्या सरांचंच नाव निघतं. सर कसे होते ते आधी सांगते, नाहीतर मला किळस कशाची आली ते कळणार नाही.

त्यांनी सरकारी कचेऱ्यांत वायरी ओढल्या, तेव्हा कारकून त्यांना हसायचे. पुढे सातपुड्यात टॉवरचं काम निघालं. घाटात जीप चढेना, म्हणून अँटेना खांद्यावर घेऊन ते डोंगर चढले. मजुरांनी सांगितलेली ही गोष्ट आहे. सर स्वतः कधी सांगत नसत.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी त्यांनी मला निवडलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. गावात फोन लागत नाही, म्हणून वडील बाजाराला धडगावला येईपर्यंत मी थांबले आणि मग त्यांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नीट शिक."

मी शिकलेही. सरांनी पहिल्याच दिवशी पिंग समजावला. पिंग म्हणजे लाइनीच्या दुसऱ्या टोकाला दिलेली हाक. उत्तर आलं तर लाइन जिवंत. "माणूस 'चालू शे' म्हनस, त्यानं आयकू नको," सर त्यांच्या बोलीत म्हणाले. "लाइनले इचार." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

सरकारी इंटरनेट लाइनींची तपासणी सरांकडे असायची; एक दिवस माझ्याच गावची निघाली. धडगावहून जीप केली. ड्रायव्हर आरशातून मला म्हणाला, "इंजिनियर मॅडम, मन्हा मोबाईलले बी टावर लावी द्या ना!" सर हसले. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

ग्रामपंचायतीच्या खोलीची किल्ली शोधण्यात बराच वेळ गेला. भिंतीवर इंटरनेटची लोखंडी पेटी होती. सरांनी दार उघडलं आणि आतून असा वास आला की मी दोन पावलं मागे गेले. उंदरांनी कागद कुरतडून घर केलं होतं. केबल सोललेली होती. बॅटरीला एक मेलेला उंदीर चिकटून वाळला होता. मी ओढणी नाकाला लावून एक फोटो काढला. मग लॅपटॉप जोडून पिंग दिला. चार हाका, उत्तर एकही नाही.

मला वाटलं, आता सर हत्यारांची पिशवी मागतील. त्यांनी दोन बोटांनी पेटीचं दार लावलं, बंद पेटीचा फोटो घेतला आणि म्हणाले, "चल."

धडगावात चहाच्या टपरीवर त्यांनी लॅपटॉप स्वतःच्या मोबाईलला जोडला. पिंग दिला, उत्तर पटापट आलं. स्क्रीनचा फोटो घेताना चहाचा ग्लास त्यात येऊ नये म्हणून त्यांनी तो बाजूला सरकवला. हे त्यांनी इतक्या सवयीनं केलं की मला पुन्हा तो पेटीतला वास आल्यासारखं झालं. फॉर्मवर माझ्या गावाचं नाव होतं. समोर 'चालू' लिहिलं. खाली गावातल्या साक्षीदाराची ओळ रिकामी होती.

"सर, हे धडगाव आहे," मी म्हणाले.

"माले माहीत शे. कितला वर्स मी बी खरंच लिखं, बेटा. कोन्ही वाचत नही." त्यांनी पेन पुढे केला. "तू तठलीच शे ना? म्हनीसन तर तुले संगे लिधं."

म्हणजे प्रोजेक्टला मला निवडलं ते मार्क पाहून नाही, गाव पाहून. मी सही केली. जबरदस्ती झाली असंही म्हणता येत नाही; पेन मीच उघडला.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. गावानं पेटी बंद असल्याचा अर्ज दिला होता. त्याचं उत्तर आलेलं: तुमची लाइन चालू आहे. सोबत फॉर्मची झेरॉक्स. वडील अंगठा लावतात, वाचता येत नाही, पण शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर त्यांनी माझी सही कितीदा पाहिली आहे. कागद पुढे धरून आमच्या पावरी बोलीत ते कौतुकानं म्हणाले, "ही तुझीच ना?"

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं.

"चालू होती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी कागद चुरगळला नाही. इतर सरकारी कागदांसारखाच नीट घडी घालून ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेरून आत्या हाका मारत होती. त्या दिवशी रेशन होतं. गावात रेशनच्या अंगठा घेणाऱ्या मशीनला नेटवर्क नाही, म्हणून दुकानदार ते घेऊन टेकडीवर बसतो आणि गाव अंगठा लावायला वर चढतं. आत्याचे गुडघे गेलेत. वडिलांनी तिला हात दिला, मी मागून कंबर धरली.

टेकडीवर माझ्या मोबाईललाही रेंज आली. पेटीचा फोटो जोडून मी जिल्ह्याच्या कचेरीला लिहिलं की लाइन बंद आहे, आणि साक्षीदार म्हणून केलेली माझी सही खोटी आहे. खाली पूर्ण नाव घातलं. तेच सरांनाही पाठवलं.

कचेरीचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. सरांचं मात्र लगेच आलं. शब्द नव्हते, फक्त एक पिवळा अंगठा, वर केलेला.

शेजारी आत्या स्वतःचा अंगठा तिसऱ्यांदा लुगड्याला पुसत होती. मशीन घेत नव्हतं.