चाकानं पुसलेली रेघ

आज सकाळी अंगणात चुन्याच्या फक्कीचा वास आला आणि मला नागपूरजवळच्या आमच्या बागेतली संत्र्यांची वखार आठवली. सासऱ्यांनी आधी बांधवून घेतलेल्या वखारीत बैलबंडी शिरायची, पण आत वळायची नाही. सगळा माल बाहेर उन्हात सडला. नकाशावाला गवंड्याला दोष देई, गवंडी सुताराला. म्हणून दुसऱ्या खेपेला सासऱ्यांनी सगळं काम एकाच घरातल्या तीन भावांना दिलं. थोरला नकाशा काढी, मधला भिंती बांधी, धाकटा छत घाली. "नकाशा आमचा, भिंत आमची. चुकलं तं शिव्या बी आमालेच देजा," थोरला म्हणाला. त्यांनी अख्खी वखार आधी जमिनीवर फक्कीनं आखली आणि आमची भरलेली बंडी तिच्यातून फिरवली. वळताना चाकानं एक रेघ पुसली. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "काहून घाबरता, मालक? रेघच तं पुसली, भिंत थोडीच पडली!" थोरला हसला, आणि मधल्यानं लगेच मागे सरकून नवी रेघ ओढली. त्या मोसमात आमची संत्री सावलीत राहिली. आज नातवाच्या नव्या घराची आखणी होती. मी काठी टेकत माझ्या खोलीच्या रेघांमधून फेरी मारली, खाट कुठे येईल ते पाहिलं, काठी घेऊन वळायला जागा कमी पडली, आणि एक रेघ पायानं खुशाल पुसून टाकली.