आत्याबाईंची आंबील

आत्याबाईंचा मला राग होता आणि त्यांना माझा. याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती, आम्हा दोघींना तर मुळीच नाही. त्या माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाकडे राहायला आल्या आणि सासूबाई गेल्यावर घराच्या मालकीणच होऊन बसल्या. छप्पनच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी दारव्ह्याजवळच्या त्या गावात नांदायला आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे काय काम करीन? हिच्या मनगटात जीव कुठी हाये."

माझा नवरा तिकडे उमरखेडच्या बाजूला एका शाळेत मास्तर होता. सुट्टीला यायचा, आत्याच्या हातचं खायचा, तिचं कौतुक करायचा आणि माझं गाऱ्हाणं अर्धवट ऐकून परत जायचा. मग घरात आम्ही तिघंच. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गवंडीकाम करायचे. दिवसभर ते कामावर, आणि घरात आम्ही दोघी.

आत्याबाईंना रोज निजायच्या आधी वाटीभर ऊन आंबील लागायची. ज्वारीचं पीठ सकाळीच पाण्यात कालवून चुलीमागे ठेवायचं, संध्याकाळपर्यंत ते आंबायचं, मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं, वर मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण. एवढं सोपं काम, पण माझ्या हातची आंबील त्यांना एकदाही पसंत पडली नाही. कधी पातळ, कधी गाठी, कधी लसूण करपलेला. नावं ठेवत ठेवत शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या, वाटी माझ्याकडे सरकवायच्या आणि पडल्या पडल्या घोरायला लागायच्या. त्यांची ती झोप पाहून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. दिवसभर मला घालूनपाडून बोलायचं आणि रात्री अशी गाढ झोप, हा कुठला न्याय?

पिण्याआधी त्या एक गोष्ट करायच्या. उजव्या हाताचं बोट वाटीत बुडवायच्या आणि एक थेंब जमिनीवर झटकायच्या. तो मरीमायचा. गावातल्या कितीतरी बाया तसं करायच्या. पटकीची साथ आली की मरीमायला आंबीलच चढायची, त्यामुळे कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

त्याच वर्षी आमच्या वस्तीने धम्म घेतला. मामाजी त्यात सगळ्यांच्या पुढे होते. घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरले आणि अडाण नदीच्या डोहात नेऊन सोडले. आत्याबाईही सोबत आल्या होत्या. पांढरं लुगडं नेसून, हात जोडून, सगळ्यांच्या बरोबरीने त्यांनी प्रतिज्ञेचे शब्द उच्चारले. आम्ही ताठ मानेने घरी परतलो. त्या दिवसाबद्दल मी आजही एक शब्द वावगा ऐकून घेत नाही. ज्यांना आमचं पूर्वीचं जिणं माहीत नाही, त्यांनी त्यावर बोलू नये.

पण त्या संध्याकाळी आत्याबाईंनी वाटी घेतली, बोट बुडवलं आणि थेंब झटकला.

मामाजींनी पाहिलं. त्या दिवशी म्हातारीच्या हाताला सवय आहे म्हणून सोडून दिलं असेल. दुसऱ्या दिवशी बोलले. तिसऱ्या दिवशी ओरडले. आत्याबाई "चुकून झालं" म्हणायच्या आणि पुन्हा तेच करायच्या. मग एकदा वस्तीतली माणसं वंदनेला आमच्या घरी जमली होती. ती उठता उठता त्यांच्यातल्या एकाने आत्याबाईंना आंबिलीचा थेंब झटकताना पाहिलं आणि हसत म्हटलं, "साऱ्या वस्तीचे देव तुमी नदीत टाकले, आन् तुमच्या घरी मरीमाय अजून जेवूनच राह्यली." मामाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. लोक गेल्यावर त्यांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि अंगणात आपटलं.

"आजपासून ह्या घरात आंबील शिजनार नाही," ते म्हणाले. "बाई, तुले झोपाच्या आधी काही ऊन पायजे असंन तं दूध पे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एक काम कमी झालं आणि आत्याबाईंची जिरली.

तो आनंद फार टिकला नाही. मामाजी गवळ्याकडून दूध आणायला लागले. साखर घालून, तापवून मी ते त्यांच्यापुढे ठेवायची. त्या वाटीकडे असं बघायच्या, जसं काही मी त्यात पाल शिजवली आहे. "ह्याच्यात काय टाकलं वं तुनं?" रोज हाच प्रश्न. प्यायल्या तर पोटात गुडगुड, नाही प्यायल्या तर माझ्या नावाने खडे. आणि झोप नाही. रात्रभर त्या घरात फिरायच्या. गाडग्यावरचं झाकण उचल, परत ठेव, कडी काढ, कडी लाव, मध्येच भावाच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहा. माझ्या डोळ्याला डोळा लागत नसे. मामाजींना दिवसभर उन्हात भिंती बांधायच्या असत, ते जागे होऊन बहिणीवर खेकसायचे. सकाळी आम्ही तिघंही एकमेकांवर तुटून पडायला तयार. घरात कोणी कोणाशी सरळ बोलेना. मला तर ते दूध उतू गेलं तरी बरं वाटायचं.

शेवटी मीच मामाजींसमोर जाऊन उभी राहिले. आत्याबाईंची दया आली म्हणून नाही. मला झोप हवी होती.

"मामाजी, आंबिलीचा काय गुन्हा हाये?" मी म्हटलं. "ज्वारीचं पीठ आन् पानी. भांडन तं थेंबाचं हाये ना? मंग थेंब पडू देत नाही म्या. त्यायचे हात मी धरून बसतो आन् माह्या हातानं पाजतो."

"एक थेंब जरी पडला," ते म्हणाले, "तं मडकं पुन्हा फुटंन."

अशा रीतीने आमचा तो तमाशा सुरू झाला. संध्याकाळी आत्याबाई भिंतीला टेकून बसायच्या. मी त्यांच्या समोर बसून डाव्या हाताने त्यांची दोन्ही मनगटं धरायची आणि उजव्या हाताने वाटी त्यांच्या तोंडाला लावायची. ज्या बाईचा चेहरा बघायची मला इच्छा नसे, तिला मी तान्ह्या लेकरासारखं पाजत होते. त्या माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघायच्या. "जरा हयू पाज, मले ठसका लागते," म्हणायच्या. मी म्हणायची, "लागू द्या." मनगटात जीव नाही म्हणाल्या होत्या ना? मी ती मनगटं अशी आवळायची की माझीच बोटं दुखायची.

तरीही त्या झोपल्या नाहीत. आंबील पोटात गेली, तरी फिरणं चालूच.

मग एकदा माझ्या लक्षात आलं. शेवटच्या घोटाला त्यांनी ओठाचा एक कोपरा सैल सोडला. हनुवटीवरून ओघळ आला आणि एक थेंब खाली जमिनीवर पडला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर काय सुटकेचा भाव आला! माझं डोकं फिरलं. म्हणजे इतके दिवस मी यांच्यासाठी हात दुखवून घेते आहे, आणि आज या माझ्या डोळ्यांदेखत मला फसवत आहेत.

मी वाटी आदळली. "कायले करता हे? तुमी सोताच्या तोंडानं देव सोडले ना? मंग त्या मरीमायचं एवढं काय देनं लागता? तुमच्यापायी आमी सारे मरून राह्यलो."

"कोनी मरू नये म्हूनच करतो," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून. मामाजी लहान असताना गावात पटकी आली होती. आई गेली, बाप गेला. भाऊही हातचा जायला आला होता, अंगात पाणी उरलं नव्हतं, डोळे खोल गेले होते. आत्याबाई तेव्हा परकर नेसणारी पोर. त्या मरीमायच्या दगडापुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, माझा भाऊ ठेव, जन्मभर आंबिलीच्या प्रत्येक वाटीतला पहिला थेंब तुझा. भाऊ वाचला. "तिच्यावर माहा भरोसा नाही आता," त्या म्हणाल्या. "मी बी देव सोडले. पन जीभ तं माही होती ना? म्या देल्लेला शब्द मोडला आन् ह्याले काही झालं तं? थे विचार मले झोपू देत नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात मामाजी आत आले. ते ओट्यावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ते विरघळतील, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवतील. ते तर संतापले होते.

"माह्या नावानं?" ते म्हणाले. "एवढी वर्षं माह्या नावानं तू त्या दगडाले खाऊ घातलं? मी तिच्या मेहेरबानीवर जगून राह्यलो काय? मले तुनं जगवलं बाई, तुनं पानी पाजलं, तुनं हागमूत काढलं. थे दगडानं काढलं काय?"

मडक्यात थोडी आंबील शिल्लक होती. त्यांनी ती वाटीत ओतली, बहिणीच्या समोर उकिडवे बसले आणि एका दमात पिऊन टाकली. थेंब सांडला नाही. वाटी पालथी करून दाखवली. "हे पाह्य, तिले थेंब न देता पेलो मी. माहा शब्द माह्यापाशी, तुहा तुह्यापाशी. आता पाहू कोन मरते थे."

मामाजी खाटेवर जाऊन आडवे झाले. आत्याबाई खाटेच्या पायाशी जाऊन बसल्या आणि रात्रभर त्यांनी भावाच्या छातीवरची नजर हलवली नाही. सकाळी मामाजी उठले, बहिणीला तशीच बसलेली पाहिली आणि चिडून म्हणाले, "जिता हावो मी. झोप आता."

त्या तिथेच कलंडल्या आणि दुपारपर्यंत झोपल्या.

तेव्हापासून आमच्या घरात हेच चाललं. संध्याकाळी मामाजी बहिणीच्या समोर बसून हट्टाने आंबील प्यायचे. त्यांना आंबील आवडत नसे, हे मला पक्कं माहीत होतं. मग आत्याबाई आपली वाटी प्यायच्या. थेंब त्यांनी बंद केला, बंद म्हणजे बंद. पण त्याच्या बदल्यात रात्रभर भावाची राखण. सकाळी मामाजी खाटेवरून पाय खाली टाकताना म्हणायचे, "बाई, जिता हावो. झोप." कधी रागात, कधी सवयीने. एखाद्या सकाळी ते ताप आल्यामुळे उशिरापर्यंत पडून राहिले, तर आत्याबाई त्यांच्या नाकापुढे बोट धरून बसायच्या.

दोघांनी आपापला हेका सोडला नाही आणि त्याचा भार पडला माझ्यावर. म्हातारी दिवसा झोपणार, म्हणजे घरातलं सगळं मी करणार, आणि भांडं वाजलं तर शिव्याही मीच खाणार. लेकरं झाली, ती रडली की आत्याबाई गोधडीतून ओरडायच्या, "त्याले बाहीर ने वं, मले झोपू दे." मी म्हणायची, रात्री कोणी जागायला सांगितलं होतं? भाऊ-बहिणीचं ते प्रेम बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी येत असेल. मला दोघांचाही राग यायचा. एकाने "बाई, थेंब टाक आणि झोप" म्हटलं असतं, किंवा दुसरीने "गेली ती मरीमाय खड्ड्यात" म्हटलं असतं, तर माझी अर्धी जवानी सुखाची गेली असती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात मामाजींना छातीत कळ आली, दोन दिवस दारव्ह्याच्या दवाखान्यात होते आणि तिथेच गेले. वय झालं होतं, डॉक्टर काय करणार? गाडीतून त्यांना घरी आणलं तेव्हा मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. या बाईने जर चारचौघांत मरीमायचं नाव काढलं, "म्या म्हटलं होतं ना" असं एक अक्षर जरी बोलली, तर हे मयतीचं घर आहे हेही मी बघणार नाही. त्या माणसाने जन्मभर जे केलं, ते मी तिला पुसू देणार नव्हते.

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. भावाच्या डोक्याशी बसून राहिल्या, त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि माणसं त्याला उचलून नेताना दारापर्यंत गेल्या. मग आत येऊन भिंतीपाशी जमिनीवर आडव्या झाल्या, आणि बघता बघता घोरायला लागल्या.

दिवेलागणीची वेळ होती. त्या दिवशी चूल पेटली नव्हती, त्यांच्या पोटात ना आंबील होती ना पाण्याचा घोट. एवढी वर्षं याच वेळेला त्या राखणीला बसायच्या. आता राखायला कोणी उरलं नव्हतं.

घर बायांनी भरलं होतं. रडणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. "भाऊ मातीत गेला आन् बहीन घोरून राह्यली," एक म्हणाली. "काळीज हाये का गोटा?" दुसरी तर त्यांना उठवायला पुढे सरकली, चार माणसं बसली आहेत, निदान उठून बसावं म्हणून.

मी तिचा हात धरून तिला मागे ओढलं. "उठा साऱ्या," मी म्हटलं, "आपापल्या घरी जा. झोपू द्या त्यायले."

बाया माझ्याकडे बघतच राहिल्या. मास्तराची बायको मयतीच्या घरातून लोकांना हाकलते, हे गावात पुढे कितीतरी दिवस बोललं गेलं. बोलू दे. मी दार लोटून घेतलं आणि आत्याबाईंच्या अंगावर गोधडी टाकली. उद्या त्या उठल्या की आमचं भांडण होणारच होतं. पण त्या रात्री त्यांना कोणी उठवलेलं मी खपवून घेणार नव्हते.