सह्या केलेले निनावी फॉर्म

बाबा मंडणगडकडे चिरेखाणीत जांभा काढायचे, आई दुसऱ्यांच्या रानातलं गवत कापायची. पगाराची स्लिप आमच्या घरात आली ती पहिल्यांदा माझ्या नावाने. घराण्यातला पहिला बी.कॉम. मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो.

दोन हजार सालानंतरचे दिवस. रत्नागिरीत कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात मी एचआर ऑफिसर होतो. एचआर म्हणजे पूर्वीचा टाइमकीपरच, फक्त टेबल मोठं.

तेव्हा 'एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन सर्व्हे'ची साथ आली होती. म्हणजे कामगारांना विचारायचं, बाबांनो, सुखात आहात ना? उत्तर निनावी, कुणी भिऊ नये म्हणून. मुंबईहून कन्सल्टंट मॅडम आल्या. वरपासून खालपर्यंत चाळीस फॉर्म वाटले. मी घसा बसेपर्यंत सांगितलं, "नाव लिहू नका."

एकोणचाळीस फॉर्मवर नाव आणि सही. काहींवर मुक्काम, पोस्टसकट.

सोलणाऱ्या बायकांत सगळ्यात जुन्या, मांडवीच्या सुगंधाताई. घरात कमावत्या त्या एकट्याच. त्यांनी लिहिलं होतं, 'इतक्या बायकांत संडासला जायचं टोकन एक. मॅनेजरनी एक दिवस बर्फात हात घालून, टोकनची वाट बघत उभं राहून दाखवावं.' खाली ठसठशीत सही.

मी शेडमध्ये गेलो. "ताई, नाव कशाला घातलंत?"

"निनावी चिठ्ठी चोर लिवतो. मी काय चोर आहे?"

"निदान खोडा तरी."

"बापसानं ठेवलंन नाव. तू खोडणारा कोण रे, मेल्या?"

मॅनेजरना वास लागलाच. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "त्या टोकनवालीचा फॉर्म आण. सोमवारपासून तिला गेटवरच थांबवायचं." कंत्राटावरच्या बाईला घरी बसवायला तेवढं तोंडी वाक्य पुरत असे.

"सर, मॅडम म्हणतात, नाव घातलेले फॉर्म बाद. बाद फॉर्मवरून कारवाई कशी करू?"

"मग चालणारे किती?"

"एकच."

तो मी वाचून दाखवला. इंग्रजीत होता. आमचे मॅनेजर वडिलांसारखे आहेत, इथे कसलीही अडचण नाही, असं हिरव्या शाईत. कारखान्यात हिरव्या शाईचं पेन एकच होतं, आणि ते समोर बसलेल्या मॅनेजरच्या खिशाला होतं.

"रिपोर्टला हाच जोडून मॅडम मालकांकडे पाठवणार आहेत," मी म्हटलं. "मालक तुमचं अक्षर ओळखतात का, सर?"

मॅनेजरनी खिशातलं पेन काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"काय म्हणणं आहे त्या बाईचं?"

"टोकन नको."

"मग काढून टाक ना! एवढ्यासाठी माझ्यापर्यंत येतात काय? आणि तो फॉर्म..."

"कुठला फॉर्म, सर?"

मॅडमच्या रिपोर्टात 'प्रतिसाद अपुरा' असा शेरा पडला. सर्व्हे निनावी हवा असेल, तर आधी माणसांना भिण्याची सवय लावावी लागते. आमच्याकडे ते काम अर्धवट राहिलं होतं.

सोमवारी सुगंधाताई नेहमीसारख्या आत आल्या. मी असेपर्यंत त्या कारखान्यात टोकन पुन्हा लागलं नाही.