गाळीव निरोप

वॉर्डातल्या मावशींचं काम म्हणजे चादरी बदलणं, भांडी देणं-काढणं, पेशंटला तपासणीला नेणं. पण गेले चार महिने त्यांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. मोठे डॉक्टर आणि मुख्य सिस्टर यांच्यात विस्तव जात नव्हता. एका बाईला इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या, तेव्हा चूक कुणाची यावरून दोघांची भर वॉर्डात जुंपली होती. तेव्हापासून चार पावलांवर उभे असले तरी दोघं बोलायचे ते मावशींमार्फत. शिकलीसवरलेली माणसं ही!

"सिस्टरना सांगा, झोपा काढू नका, पाच नंबरचा ताप बघा," असं डॉक्टर म्हणाले, की मावशी सिस्टरना फक्त तापाचं सांगायच्या. तांदळातले खडे काढावेत तसे टोमणे वाटेतच काढून टाकायच्या. कधी पदरचे दोन गोड शब्दही घालायच्या. आपण करतोय ते चांगलं की लबाडी, हे त्यांना उमगत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तू फरशी पूस." ही त्याची अक्कल!

त्या सकाळी ऑपरेशनला जाता जाता डॉक्टर म्हणाले, "सात नंबरला सलाईन लावायला सांगा. आणि म्हणावं, मागच्या वेळच्या इंजेक्शनचा घोळ पुन्हा नको."

झालं, उकरून काढलं जुनं भांडण, असं पुटपुटत मावशींनी फक्त सलाईनचं सांगितलं.

सात नंबरवर चार महिन्यांपूर्वी गांधी उठलेली तीच बाई पुन्हा दाखल झाली होती, तापाने ग्लानीत. मावशींनी तिला ओळखलं नाही. जुना केसपेपर अजून आला नव्हता, सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेल्या. रात्रपाळीच्या डॉक्टरने नव्या कागदावर लिहिलेलं तेच जुनं इंजेक्शन धाकट्या नर्सने टोचलं. पाच मिनिटांत बाईचे ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. सिस्टर धावल्या, डॉक्टरही ऑपरेशनच्या दारातून परत धावत आले. अर्ध्या तासाने श्वास सुरळीत झाला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"मी निरोप पाठवला होता!" डॉक्टर थेट सिस्टरवर ओरडले.

"मला मिळाला नाही!"

दोघांनी मावशींकडे पाहिलं. "तो निरोप होता?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, टोमणा मारलात. टोमणे मी सांगत नाही."

"अजून काय काय सांगितलं नाहीत?"

मावशींनी चार महिन्यांचं सगळं ओकून टाकलं, दोन्हीकडचं. दोघांच्याही माना खाली गेल्या.

मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "आणि मागच्या महिन्यात सर म्हणाले होते ना, सिस्टर आहेत म्हणून हा वॉर्ड उभा आहे? त्या एका वाक्यावर मी बदलीचा अर्ज फाडला, मावशी. तेही तुमचंच?"

मावशी कात्रीत सापडल्या. आता तरी खरं बोलावं, तर सिस्टरचं काळीज तुटणार. खोटं बोलावं, तर खोटेपणाने काय होतं ते समोर कॉटवर पडलं होतं. त्या नुसत्याच त त प प करू लागल्या.

"ते मी म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. पण ते या वेळी मावशींकडे नाही, सिस्टरकडे बघून बोलत होते.