चिकलठाण्यातली भरदुपारची रेव्ह पार्टी

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझी मैत्रीण गारखेड्यातल्या एका सीडी लायब्ररीत इलेक्ट्रॉनिक्सची सीडी मागायला गेलो. परीक्षा तोंडावर आली होती आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. दुकानदारानं कपाटाच्या तळातून एक सीडी काढली. तिच्यावर मार्करनं ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढंच लिहिलेलं. "हीच का?" त्यानं विचारलं. आम्ही म्हणालो, हीच.

मैत्रीण चुलत्याकडे राहायची. तिथं आम्ही ती लावली. ट्रान्झिस्टर काही दिसेना. कुठल्याशा परदेशात बंद पडलेल्या एका गोदामात शेकडो माणसं नाचत होती. मध्येच कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं आणि मग पुन्हा नाच. एक नर्स सांगत होती की आठवडाभर उभं राहून तिचे पाय दुखतात आणि नाचलं की थांबतात. एक टकलू माणूस यंत्राची बटणं फिरवून आवाज कसा जाड-बारीक होतो ते दाखवत होता, तेवढाच काय तो आमचा अभ्यास. इंग्रजी निम्मं कळलं. कळलेल्या निम्म्यानंच आम्ही खुळावलो.

"अगं, ही माणसं लग्नाबिग्नाशिवायच नाचायलीत!" मैत्रीण म्हणाली. "नवरदेव नाय, गणपती नाय, काहीच नाय!"

ती गंगापूरकडच्या मेंढपाळांच्या घरातली. मी उस्मानपुऱ्यातली, तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातली. आमच्याकडे आनंद झाला तर पेढे आणतात आणि तेही बसून खातात. कारणाशिवाय नाचायचं, हा विचारच मला गुदगुल्या करून गेला.

इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रेव्ह पार्ट्यांवरचा तो माहितीपट दोन सीडींचा होता, पण दुसरी दुकानात नव्हतीच. पहिलीच आम्ही इतक्यांदा पाहिली की ती जागोजागी अडकायला लागली. गेल्या वर्षी दुसरा भाग मला फोनवर सापडला. त्यात कायदे होते, खटले होते आणि म्हातारी झालेली माणसं ‘ते दिवस गेले’ म्हणत बसली होती. वीस मिनिटांत बंद केला. तेव्हा मिळाला असता तर आम्ही शहाण्या झालो असतो आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढचं असं झालं, की मैत्रिणीनं एका दुपारी एकदम विचारलं, "आपण का नाय करायचं?"

ते दुष्काळाचं वर्ष होतं. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. तिच्या चुलत्याचे पाण्याचे टँकर होते आणि ते तो चिकलठाण्याला, बंद पडलेल्या एका कंपनीच्या भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये लावायचा. दिवसभर टँकर शहरभर फिरत. शेड रिकामी. आम्ही चुलत्याला सांगितलं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, साउंड आणि लाइटचा. रेव्ह पार्टी हा शब्द काढायची सोय नव्हती, कारण पेपरात तो फक्त धाडीच्या बातमीत यायचा. आमच्याकडची सगळ्यात कडक नशा म्हणजे लिंबाचं सरबत असणार होती.

संगीत कोण वाजवणार? शहागंजकडच्या एका बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवणारा आमच्याच वयाचा मुलगा होता. दुष्काळानं लग्नं पुढं ढकलली होती, त्यामुळं तो रिकामाच. आम्ही त्याला सीडी दाखवली.

"गाना कहाँ है?"

"गाना नक्को. खाली ठेका."

"कितनी देर?"

"तीन घंटे."

त्यानं आमच्याकडं असं पाहिलं, की जणू आम्ही त्याला हौदभर बासुंदी प्यायला सांगत होतो. "शादी में मेरेकू दो मिनट भी अकेले नई बजाने देते, ताई," तो म्हणाला. "आता हूँ मैं."

वर्गात चिठ्ठ्या वाटल्या: रविवार, सकाळी अकरा ते दुपारी दोन, येताना पाण्याची बाटली आणावी. वेळ भारनियमनाच्या तक्त्याकडं बघून ठरवली, दोनला वीज जायची. आम्ही रंगीत दिव्यांची सर्किटं स्वतः जोडली आणि हात भाजून घेतले. घरी आईला सांगितलं, प्रॅक्टिकल आहे. ते अगदी खोटं नव्हतं.

पस्तीसेक जण आले. ऑक्टोपॅडवाल्यानं सुरुवात केली आणि पहिली दहा मिनिटं कुणीही हललं नाही. मुली एका भिंतीला, मुलं दुसऱ्या. भर उन्हात आमचे दिवे लागलेत की नाही तेही कळेना. मला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात मैत्रिणीनं ओढणी कमरेला बांधली, मधोमध गेली आणि डोळे मिटून उड्या मारायला लागली. एकटी! मग मी गेले, कारण तिला एकटं सोडणं शक्य नव्हतं. मग आमच्या वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा आला, मग सगळेच. जुन्या फरशीवरची धूळ उठली. पत्र्याला भोकं होती, त्यांतून उन्हाचे कवडसे खाली आले होते. त्या धुळीत ते असे सरळ, चकचकीत उभे राहिले, की आमच्या दिव्यांकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी हात वर केला की ऊन हातावर, खाली केला की डोक्यावर. मला वाटलं, मी आता तरंगणार.

बाराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा दिसला. डोक्याला पटका, हातात काठी. मागं मेंढ्याच मेंढ्या.

"आबा!" मैत्रिणीनं कमरेची ओढणी सोडून खांद्यावर घेतली.

तिचे वडील. गावाकडं चारा नव्हता म्हणून आठवड्यापूर्वीच कळप घेऊन शहराच्या कडेला आले होते. चिकलठाण्याच्या रिकाम्या प्लॉटांवर मेंढ्या चारायचे, एवढं तिला माहीत होतं. दुपारी सावलीला त्या याच शेडमध्ये बसतात, हे चुलत्यानं सांगितलंच नव्हतं.

ठेका थांबला. मुलं दाराकडं सरकली. मी मनातल्या मनात घरी सांगायचं भाषण तयार करायला लागले.

"बारीक करा की जरा," ते म्हणाले. "मेंढ्या आत येईनात. कवाच्या उन्हात उभ्या हायेत."

"आबा, मी... आम्ही नाचत होतो," मैत्रीण म्हणाली.

"व्हय, दिसलं की. पाणी पी आधी, लई घामेजलीस."

बस, एवढंच. आवाज बारीक केला. मेंढ्या एकेक करून आत आल्या आणि डाव्या अंगाला बसल्या. उजवी बाजू आम्हाला राहिली. हळूहळू आवाज वाढवला. मेंढ्यांनी कान हलवले आणि रवंथ सुरू केलं. आबा पिंपावर बसून मन लावून ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, गाणं कवा सुरू व्हायचंय?"

"काका, हेच गाणं आहे."

"आन् शब्द?"

"शब्द नसतात."

त्यांनी विचार केला. "बरंय. मग चुकायची भीती नाय."

एक वाजता वीज गेली. तक्ता आमच्याशी खोटं बोलला होता. स्पीकर गप्प झाला, एक मेंढी ओरडली आणि सगळे खो खो हसले. पण पाय थांबले नव्हते. सत्तर पाय त्या फरशीवर तोच ठेका धरून पडत होते, धप धप धप. ऑक्टोपॅडवाला उडी मारून आमच्यात आला आणि टाळ्यांनी मधल्या जागा भरायला लागला. आबांनी काठी आपटली, बरोबर जिथं पडायला हवी तिथं. कोण कुणाचं ऐकतंय काही कळत नव्हतं. असं किती वेळ चाललं? मला खरंच सांगता येणार नाही. बाटल्या संपल्या तेव्हा थांबलो.

जालना रोडला आम्ही दोघी रिक्षात बसलो तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत धुळीनं पांढऱ्या झालो होतो आणि हसू आवरत नव्हतं. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "क्या हुआ? पास हो गए क्या?"

"हौ, पास!" मैत्रीण म्हणाली.

"कायमें?"

त्याला काय सांगणार? आम्ही सिडको येईपर्यंत हसलो.

दुसऱ्या दिवशी चुलत्यानं दोघींना बोलावून घेतलं. शेडच्या फरशीवर लेंड्यांचा सडा पडला होता आणि बाकीच्या धुळीत पस्तीस जणांच्या पावलांची रांगोळी उमटली होती. "कसला प्रोजेक्ट म्हणायचा हा?" त्यानं विचारलं आणि हातात खराटे दिले. आम्ही माना खाली घालून झाडायला लागलो. थोड्या वेळानं लक्षात आलं, दोघींचे खराटे एकाच वेळी पडतायत, खर्र खर्र खर्र, आणि मैत्रिणीचे खांदे हलायला लागलेत.

"नीट झाडा!" चुलता दारातून ओरडला.

आम्ही नीटच झाडलं. कोपरान् कोपरा. फक्त ज्या कामाला अर्धा तास पुरला असता, त्याला अख्खी दुपार लागली.